आजार अंगावर काढण्याचे अर्थकारण

आजारी माणसाने विश्रांती घ्यावी, औषधपाणी करावे आणि बरे वाटल्यावर कामाला लागावे, हे तत्त्व कोणीही अमान्य करत नाही. तरीही अंगात ताप असताना, पाठ धरलेली असताना किंवा खोकल्याची उबळ थांबत नसताना कामावर जाणारी माणसे उत्पन्नाच्या प्रत्येक थरात आणि बहुतेक सर्व व्यवसायांत आढळतात. अशा वर्तनाबद्दल बोलताना समाज आलटून पालटून दोन भाषा वापरतो. एक कौतुकाची असते, तिच्यात कर्तव्यनिष्ठा, चिकाटी, कामावरचे प्रेम असे शब्द येतात. दुसरी दूषणाची असते, तिच्यात अज्ञान, निष्काळजीपणा, दुखणे अंगावर काढण्याची खोड असे शब्द येतात. दोन्ही भाषांमागचे गृहीतक मात्र एकच आहे, आणि ते असे की कामावर जावे की न जावे हा त्या व्यक्तीचा स्वतःचा निर्णय असतो व म्हणून त्याचे श्रेय किंवा दोष तिच्या स्वभावाला द्यावा. हे गृहीतक तपासून पाहिले असता टिकत नाही. आजारपणाच्या दिवसांची किंमत कोणी मोजायची हे कामाच्या व्यवस्थेने माणूस आजारी पडण्याच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलेले असते, आणि जिथे ती सगळी किंमत आजारी माणसाच्याच माथी मारलेली असते तिथे तो आजार अंगावर काढतो.

आजारी असूनही कामावर हजर राहण्याला अभ्यासक ‘प्रेझेंटीइझम’ म्हणतात. मराठीत त्याला ‘आजारी हजेरी’ म्हणता येईल. दीर्घकाळ व्यवस्थापनशास्त्राचे लक्ष गैरहजेरीवर होते, कारण गैरहजेरी हजेरीपटावर दिसते व मोजता येते, तर आजारी हजेरी पटावर साध्या हजेरीसारखीच दिसते. गुन्नार आरोन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या स्वीडनमधील पाहणीने या झाकलेल्या भागाकडे लक्ष वेधले. रजा घ्यायला हवी होती असे स्वतःलाच वाटत असतानाही आदल्या वर्षभरात दोन किंवा अधिक वेळा कामावर गेलेल्यांचे प्रमाण त्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश आढळले, आणि शुश्रूषा, समाजसेवा व शिक्षण या क्षेत्रांत ते सर्वाधिक होते. कामगारांना भक्कम संरक्षण देणाऱ्या देशातही हे घडते, यावरून पैसा हे महत्त्वाचे कारण असले तरी ते एकमेव नाही, हे लक्षात येते.

ही बाब समजून घेण्यासाठी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅलकॉट पार्सन्स यांनी १९५१ साली ‘द सोशल सिस्टीम’ या ग्रंथात मांडलेली ‘रुग्णभूमिका’ ही संकल्पना उपयोगी पडते. पार्सन्स यांच्या मते आजारी असणे ही केवळ शरीराची अवस्था नसून समाजाने दिलेली एक भूमिका आहे. ती मिळालेल्या माणसाला नेहमीच्या कर्तव्यांतून सूट मिळते आणि आजाराबद्दल त्याला दोषी धरले जात नाही, मात्र त्याबदल्यात त्याने बरे होण्याची इच्छा ठेवावी व जाणत्या वैद्याचा सल्ला घ्यावा अशी अपेक्षा असते. या मांडणीत एक जागा रिकामी राहिली. कर्तव्यातून सूट मिळाली तरी कर्तव्य नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या कोणाला तरी पार पाडावे लागते, आणि सूट मिळालेल्याच्या घरची चूल तेवढे दिवस कशावर तरी पेटावी लागते. ती सोय नसेल तर डॉक्टरांनी दिलेली विश्रांतीची चिठ्ठी हा निव्वळ सल्ला ठरतो. म्हणून रुग्णभूमिका प्रत्यक्षात मिळण्यासाठी तीन गोष्टी लागतात असे म्हणता येईल: बुडालेल्या मजुरीची भरपाई, कामाला दुसरा हात, आणि रजा घेतल्याने नोकरीला किंवा प्रतिष्ठेला धक्का लागणार नाही याची खात्री.

यांपैकी एकही गोष्ट उपलब्ध नसेल तर काय होते, हे पाहायला महाराष्ट्रातील ऊसतोडणीइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव, परभणी या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या पट्ट्यात तोडणीसाठी जातात व पुढचे पाच-सहा महिने फडाशेजारच्या कोपीत म्हणजे झोपडीत राहतात. तोडणीच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ मानला जातो. हंगामापूर्वी टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून या जोडीला ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम मिळते, आणि मग टनामागे ठरलेल्या दराने ती उचल कामातून फेडायची असते. पुरुष बुडख्यातून ऊस तोडतो, बाई वाढे छाटून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून, फळीवर तोल सांभाळत ट्रॉलीत चढवते. वाहन रात्री आले तर भरणीही रात्रीच करावी लागते. यातील एकजण तापाने पडला की दुसऱ्याचे हातही बांधले जातात, कारण मजुरीचे एकक माणूस नसून जोडी आहे. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, शिवाय अनेक टोळ्यांत ‘खाडा’ म्हणून वेगळा दंड उचलीच्या हिशेबात चढवला जातो, आणि तो बहुधा दिवसाच्या कमाईएवढा किंवा तिच्याहून अधिक असतो. आजारी पडलेला कोयता त्या दिवशी कमावत तर नाहीच, उलट त्याच्या अंगावरचे कर्ज वाढते.

खाड्याचा दोष एकट्या मुकादमाच्या निष्ठुरपणावर टाकला तर त्यामागची यंत्रणा नजरेआड होते. तोडलेल्या उसाचे वजन व त्यातील साखर तासागणिक घटत जाते, म्हणून कारखान्याला ताजा ऊस अखंड हवा असतो. गाळप रात्रंदिवस चालते आणि ते थांबले तर नुकसान मोठे होते. हा धोका कारखाना वाहतूक ठेकेदाराकडे सरकवतो, ठेकेदार मुकादमाकडे, आणि मुकादम टोळीकडे. प्रत्येक पायरीवर उचल दिलेली असल्याने प्रत्येकाला वरच्याचे देणे असते, आणि या उतरंडीच्या तळाशी असलेल्या माणसाला आपला धोका सरकवायला दुसरे कोणी उरत नाही. तो त्याला स्वतःच्या शरीरावरच घ्यावा लागतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पाहणी केलेल्या ८० हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली असल्याचे पुढे आले. त्यामागे कमी वयातील लग्ने व बाळंतपणे, फडावर पाणी व शौचालय नसणे, कर्करोगाची घातलेली भीती आणि खासगी डॉक्टरांचा धंदा अशी अनेक कारणे गुंतलेली होती. पण पाळीचा व ओटीपोटाचा त्रास म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे कर्ज, हा हिशेबही त्यांत होता. आजारी हजेरीचे हे अखेरचे टोक म्हणावे लागेल, कारण इथे काम आजाराशी जुळवून घेत नाही म्हणून शरीरच कामाच्या मापाने कापले गेले.

आजारपणाची किंमत वाटून घेण्याची कल्पना भारतीय कायद्याला अपरिचित आहे असे नाही. बी. पी. अदारकर यांच्या १९४४ च्या अहवालाच्या आधारे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा अधिनियम झाला, आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे योजनेची सुरुवात झाली. मालक व कामगार दोघांच्या वर्गणीवर चालणाऱ्या या योजनेत विमाधारक आजारी पडला तर त्याला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, आणि हा लाभ चालू असताना त्याला कामावरून काढता येणार नाही अशी तरतूद मूळ कायद्यातच केलेली होती. म्हणजे मजुरीची भरपाई आणि नोकरीची खात्री या दोन्ही गोष्टी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षात कायद्याने मान्य केल्या होत्या. परंतु त्याच कायद्याने हंगामी कारखाने योजनेबाहेर ठेवले, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत साखर व गूळ यांचे उत्पादन नावानिशी घातले. ऊस तोडणारा तर कारखान्याचा कामगारच मानला जात नाही, त्यामुळे तो या वगळलेल्यांच्याही पलीकडे उभा आहे. देशातील सुमारे ९० टक्के श्रमिक असंघटित आहेत. रुग्णभूमिका मिळण्याचा कायदेशीर हक्क उरलेल्या अल्पसंख्येपुरता राहिला.

हक्क असलेल्या व नसलेल्यांतील हे अंतर क्षयरोगाच्या उदाहरणात सर्वांत ठळकपणे दिसते. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिने चालतो, आणि सुरुवातीच्या काळात रुग्णाला विश्रांती व सकस आहार दोन्ही लागतात. राज्य विमा योजनेत क्षयरोगासह ठरावीक दीर्घ आजारांसाठी ‘विस्तारित आजारपण लाभ’ आहे व पात्र कामगाराला त्याखाली दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. हाच रोग भिवंडी किंवा मालेगावातील विमा नसलेल्या यंत्रमाग कामगाराला झाला, तर त्याला औषध मोफत मिळते आणि निक्षय पोषण योजनेखाली आहारासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात. २०२४ पर्यंत ही रक्कम ५०० रुपये होती. आहाराची मदत स्वागतार्ह आहे, पण ती मजुरीची जागा घेऊ शकत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या मोठ्या योजनाही रुग्णालयाचे बिल भरतात. रुग्णालयातून घरी आल्यावर अंथरुणात काढाव्या लागणाऱ्या दिवसांचा हिशेब त्यांत येत नाही. परिणामी मागाच्या खडखडाटात, बंद दारांच्या कोंदट खोलीत, एका रुग्णाचा खोकला शेजारच्या मागावरच्या माणसापर्यंत पोहोचत राहतो. सरकारने औषधाची किंमत उचलली आणि विश्रांतीची किंमत रुग्णाकडे ठेवली, तर औषधावरचा खर्चही पुरता सार्थकी लागत नाही.

दुसरी उणीव माणसांची असते, आणि ती पगारी रजा असलेल्यांनाही जाचते. मुंबईच्या गिरणगावात कायम कामगार आला नाही की दारात उभ्या असलेल्या ‘बदली’ कामगाराला त्या दिवसाचे काम मिळत असे. ही पद्धत आदर्श नव्हती, कारण एकाची रजा दुसऱ्याच्या अनिश्चिततेवर उभी होती आणि बदली कामगाराला स्वतःला आजारी पडण्याची सोय नव्हती. तरी माणसे आजारी पडणारच हे तिने गृहीत धरले होते. आजच्या कित्येक संस्थांनी हे गृहीतकच सोडले आहे. मनुष्यबळ इतके ताणून आखलेले असते की प्रत्येकजण रोज आला तरच काम उरकते, आणि एकजण आला नाही की त्याचा बोजा थेट शेजाऱ्यावर पडतो. दोन परिचारिकांवर अख्खा कक्ष सोपवलेला असेल, तर एकीने रजा घेणे म्हणजे दुसरीला सलग दोन पाळ्या करायला लावणे होय. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक आजारी पडला तर सगळे वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. अशा ठिकाणी माणूस वरिष्ठाच्या भीतीपेक्षा सहकाऱ्याच्या भिडेने कामावर जातो. स्वीडिश पाहणीत शुश्रूषा व शिक्षण ही क्षेत्रे पुढे का होती, याचा उलगडा इथे होतो: ही कामे उद्यावर ढकलता येत नाहीत, आणि ज्यांच्यासाठी ती केली जातात ती माणसे समोर असतात.

या ठिकाणी अज्ञानाचा युक्तिवाद पूर्णपणे कोसळतो. अमेरिकेतील एका बालरुग्णालयातील डॉक्टर व तत्सम व्यावसायिकांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. आजारी असताना काम केल्याने रुग्णांना धोका होतो हे त्यांतील ९५ टक्के जणांना मान्य होते, आणि तरीही ८३ टक्के जण आदल्या वर्षात किमान एकदा आजारी असताना कामावर गेले होते. संसर्ग कसा पसरतो हे या लोकांना शिकवण्याची गरज नव्हती. सहकाऱ्यांवर भार टाकू नये, रुग्णांना वाऱ्यावर सोडू नये आणि कामचुकार ठरू नये, ही कारणे त्यांच्या ज्ञानावर मात करणारी ठरली. महाराष्ट्रातील आशा स्वयंसेविकांची अवस्था याहून बिकट आहे, कारण गावाच्या आरोग्याचा पहिला दुवा असलेल्या या स्त्रिया नावाने स्वयंसेविका आहेत, त्यांचा मोबदला बराचसा केलेल्या कामागणिक ठरतो, आणि म्हणून दुसऱ्याच्या तापाची नोंद करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या तापाचा दिवस बिनमोबदल्याचा जातो.

तिसरे कारण प्रतिष्ठेचे, आणि त्याचे वळण लहानपणीच पडते. वर्षभर एकही दिवस न चुकलेल्या मुलाला शाळेत बक्षीस मिळते, आणि गोवर किंवा कावीळ झालेले मूल आपोआप त्या स्पर्धेतून बाद होते. निरोगी असणे हा गुण आणि आजारी पडणे ही उणीव, असा धडा त्यातून कोणी न सांगता मिळतो. पुढे कार्यालयात ‘याने वीस वर्षांत एक सुट्टी घेतली नाही’ हे वाक्य निरोपसमारंभातले सर्वोच्च प्रमाणपत्र मानले जाते. कंत्राटी नेमणुका वाढल्या तसा या जुन्या कौतुकाला नवा धाक येऊन मिळाला, कारण अकरा महिन्यांचे कंत्राट पुन्हा होईल की नाही हे ठरवताना रजेचा तपशील कोणी पाहील अशी शंकाही पुरेशी असते. ॲपवरून जेवण किंवा सामान पोहोचवणाऱ्याला तर रजेचा अर्जच करावा लागत नाही, तो केव्हाही काम बंद ठेवू शकतो; पण ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या झाल्या तरच मिळणारा जादा मोबदला एका दिवसाच्या तापाने आठवडाभराचा जाऊ शकतो. २०२० नंतर घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली आणि अंथरूण व कार्यालय यांतील उरलेसुरले अंतरही मिटले. आता ताप असलेला माणूस प्रवास करत नाही, पण उशीला टेकून लॅपटॉप उघडतो आणि ती त्याची सवलत समजली जाते.

हे सारे मान्य करूनही कोणी म्हणेल की काम तर झाले, मग बिघडले कुठे? ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासमालेतील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत याचे उत्तर आहे. प्रकृती चांगली नसूनही अजिबात रजा न घेतलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या गंभीर घटनांचे प्रमाण, तशाच प्रकृतीच्या पण मध्यम प्रमाणात रजा घेतलेल्यांच्या तुलनेत, सुमारे दुप्पट आढळले. संसर्गजन्य आजारात तर नुकसान एका शरीरापुरते राहत नाही. अमेरिकेत संघराज्य पातळीवर सर्वांना लागू अशी पगारी आजारपणाची रजा नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीत तिथे तात्पुरत्या कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा दिली गेली. ज्या राज्यांत हा हक्क नव्याने मिळाला तिथे राज्यामागे दिवसाला सुमारे ४०० रुग्ण कमी नोंदले गेले, असा निष्कर्ष त्याच वर्षी अभ्यासकांनी मांडला. आजारी माणसाला पगार देऊन घरी बसवणे हा साथ रोखण्याचाही उपाय आहे.

पगारी रजेचा गैरफायदा घेतला जाईल हा सर्वांत जुना आणि सर्वांत प्रभावी आक्षेप आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. जर्मनीत आजारपणातील वेतन १९९६ साली कायद्याने १०० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर आणले गेले आणि १९९९ साली ते पुन्हा पूर्ववत करण्यात आले. या काळाच्या अभ्यासांतून गैरहजेरी पैशाच्या प्रमाणात हलते, हे दिसून आले. परंतु गैरहजेरी घटली म्हणून आजार घटला असे सिद्ध होत नाही. वेतन कापल्यावर जे कामावर आले त्यांत लबाड किती आणि खरोखरच आजारी किती, हे हजेरीपट सांगू शकत नाही. शिवाय जर्मनीत हा हक्क कोणाच्या औदार्याने आला नाही. तिथे कार्यालयीन कर्मचाऱ्यांना आजारपणात सहा आठवडे वेतन मिळत असताना मजुरांना ते मिळत नव्हते, म्हणून श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतातील धातू कामगारांनी १९५६ च्या ऑक्टोबरपासून सुमारे सोळा आठवडे संप केला. १९५७ साली कायदा झाला आणि १९७० पासून मजुरांनाही सहा आठवड्यांचे पूर्ण वेतन लागू झाले. या देशाचे उद्योग त्यानंतर बुडाले नाहीत. भारतात संशय मात्र नेहमी एकाच दिशेने वाहतो: अधिकाऱ्याची आजारपणाची रजा अर्जावर मंजूर होते आणि धुणेभांडी करणाऱ्या बाईचा खाडा महिनाअखेरीस पगारातून वजा होतो.

आणखी एक आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे, आणि तो असा की काम हे प्रत्येक आजारात अपायकारकच असते असे नाही. मधुमेह, संधिवात किंवा नैराश्य यांसारख्या दीर्घ विकारांत नियमित काम माणसाला आधार देते, आणि सक्तीची रजा त्याला एकटे पाडू शकते. हे खरे आहे, आणि म्हणूनच मागणी सक्तीच्या विश्रांतीची नसून निवडीची आहे. ज्याला घरी राहणे परवडते आणि तरीही जो काम करू इच्छितो, त्याच्या हजेरीला स्वेच्छेची म्हणता येते. ज्याला घरी राहणे परवडतच नाही त्याच्या हजेरीला निष्ठा म्हणणे ही फसवणूक आहे.

उपाय अज्ञात नाहीत. राज्य विमा योजनेत नव्या आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ मिळत नाही, तो मिळायला हवा, कारण तापाचे व संसर्गाचे पहिले दिवसच सर्वांत महत्त्वाचे असतात. दोन-तीन दिवसांच्या दुखण्यासाठी कामगाराचे स्वतःचे निवेदन पुरेसे मानावे, म्हणजे केवळ प्रमाणपत्रासाठी तापलेल्या अंगाने रांगेत उभे राहावे लागणार नाही. रुग्णालये व शाळा यांच्या मनुष्यबळाच्या आराखड्यात आजारपणाचे दिवस धरून राखीव माणसे नेमावीत. आणि मालक अनेक असले, काम रोज बदलत असले म्हणून संरक्षण देता येत नाही, ही सबब महाराष्ट्राने तरी सांगू नये, कारण १९६९ च्या माथाडी कायद्याने ती याच राज्यात खोटी ठरवली आहे: हमाल कोणत्याही व्यापाऱ्याचे पोते उचलो, मजुरीवर ठरावीक टक्के अधिभार माथाडी मंडळाकडे जमा होतो आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजेचे वेतन, आरोग्यसेवा यांची तरतूद होते. ऊसतोड कामगारांसाठीही आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे आणि उसाचा प्रत्येक टन काट्यावर मोजला जातो. त्या टनावरच्या अधिभारातून कोयत्याला हंगामात काही दिवसांचे आजारपणाचे वेतन देणे हा हिशेबाचा नव्हे, इच्छेचा प्रश्न आहे. त्याची सुरुवात खाड्याच्या दंडावर कायद्याने बंदी घालण्यापासून झाली पाहिजे, कारण आजारी पडल्याबद्दल दंड आकारणाऱ्या व्यवस्थेला आरोग्याच्या कोणत्याही योजनेबद्दल बोलण्याचा अधिकार उरत नाही.